बऱ्याच्या वर काही नसतं

जगात चांगलं असं काही नसतंच, फार फार तर ते बरं असतं, यावर आमच्या हिच्या मामांचा जेवढा विश्वास होता तेवढा भल्याभल्यांचा देवावरसुद्धा नसेल. हापूस बरा असायचा, दसऱ्याचं श्रीखंड बरं असायचं, थंडीतलं कोवळं ऊन बरं असायचं. एकदा आम्ही त्यांना आग्र्याला नेलं. ताजमहालासमोर ते मान वाकडी करून पाच मिनिटं उभे राहिले, चारही मिनार आळीपाळीनं न्याहाळले आणि म्हणाले, "बरा आहे. पण तो डावीकडचा मिनार किंचित बाहेर कललाय. कुणाला तरी कळवायला हवं." आपण कळवलं नाही आणि उद्या काही झालं तर, या काळजीत ते मथुरा मागे पडेपर्यंत खिडकीतून मान काढून बघत होते.

माझी स्वतःचीही त्यांनी प्रत ठरवलेली आहे. मी मुलगी बघायला म्हणून सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलो, तेव्हा पोहे येण्याआधी मामा आले. "जरा उजेडात या," म्हणाले. मला खिडकीशी उभं करून त्यांनी माझी नखं बघितली, कानामागे बघितलं, दोन पावलं मागे सरून पुन्हा एकदा आख्खा बघितला आणि आत जाऊन जाहीर केलं, "बरा आहे." माझे वडील चपला शोधायला लागले. इकडे आत मात्र माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आनंदानं डोळ्यांना पदर लावला होता. आधी येऊन गेलेल्या चार मुलांपैकी तिघांना मामांनी 'चालेल' म्हटलं होतं आणि चौथ्याला 'लवकर खपवावा लागेल' असा शेरा दिला होता. 'बरा' ही त्यांची सगळ्यात वरची प्रत आहे, हे मला कळायला लग्नानंतर दोन वर्षं लागली. तोवर मी मनातून खट्टू होतो.

मामा केंद्र सरकारच्या एका खात्यात प्रतवारी निरीक्षक होते. मंडीत आलेला माल बघायचा, त्याची प्रत ठरवायची, कागदावर सही करायची. प्रत ठरली की भाव तिच्या मागनं आपोआप येतो, असं सरकारचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात मंडीतला भाव आढत्याच्या, म्हणजे दलालाच्या, पंचाखाली दोन माणसांची बोटं एकमेकांना दाबून ठरवायची, आणि मामांचा कागद शेजारी वाऱ्यानं फडफडत असायचा. पण त्यांनी त्या कागदाशी कधी बेइमानी केली नाही. त्यांच्या खाकी पिशवीत वेगवेगळ्या मापांच्या लोखंडी कड्या असत, बटाट्यापासून फ्लॉवरपर्यंत कुठलीही भाजी त्यातून घालून बघायला. शिवाय एक भिंग, एक चाकू आणि हात पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. ही पिशवी घेऊन ते बाजारात निघाले की दिल्लीतले भाजीवाले गाडी दुसऱ्या गल्लीत वळवत. मात्र मामा एकदा का "बरा" म्हणाले की पुढे घासाघीस करत नसत, आम्हालाही करू देत नसत. आमची ही सवयीनं "भैया, कुछ तो कम करो" म्हणाली की ते तिला तिथंच थांबवत. "नंदे, प्रत ठरल्यावर भाव करायचा नसतो. तो मालाचा अपमान आहे."

काळजी हा त्यांचा जोडधंदा होता. पोतं बघून झाल्यावर ते दहा पावलं जात आणि परत फिरून तळातला एक बटाटा बघत. सही केल्यावर पुन्हा एकदा बघत. पोस्टात पत्र टाकलं की पेटीवर कान लावून ते तळाला पडल्याची खात्री करत. मामी होत्या तोवर त्या निदान "अहो, पुरे" म्हणायच्या. त्या गेल्यावर तेवढाही अटकाव राहिला नाही. हिचं म्हणणं असं, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी कांद्याच्या एका मालाला भरभरून पहिली प्रत दिली, तो रेल्वेच्या वाघिणीत अडकून पडला, पोचेपर्यंत नासला, आणि मामांना मेमो मिळाला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी कागदावर एकदाही पहिली प्रत लिहिली नाही. फार झालं तर दुसरी. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "जावईबापू, माल काही बोलत नाही. आपण जे बोललो तेच त्याचं नाव होतं. मग आपण किती भिऊन बोलावं?"

दिल्लीत तीस-पस्तीस वर्षं काढून त्यांची हिंदी छान चालती झाली होती, पण त्यात एक गंमत होती. नापसंती ते खणखणीत हिंदीत सांगत. "ये नहीं चलेगा", "ये तो गया हुआ माल है." पसंती मात्र तोंडातून मराठीतच यायची, तीही स्वतःशी पुटपुटल्यासारखी. ऑफिसात त्यानं काही बिघडलं नाही, कारण तिथं सगळा कारभार कागदावर होता. घरात आमची मुलगी रेवा तेवढी गोंधळायची. तिचा जन्म दिल्लीचा, मैत्रिणी पंजाबी, मराठी तिला आईच्या रागावण्यापुरती यायची. तिनं काढलेलं चित्र बघून मामा "बरं आहे" म्हणाले की ती हिरमुसून आईकडे जायची. "मम्मा, मामाआजोबा मेरी ड्रॉइंग को बुरा क्यों बोलते हैं?" आम्ही हसायचो. तेव्हा हसायला नको होतं, असं आता वाटतं.

मामा निवृत्त झाले ते दिवस उलथापालथीचे होते. यमुनेच्या पलीकडे, कालपर्यंत ऊस होता तिथं, सोसायट्या उगवत होत्या. मामांनी आणि आम्ही एकाच सोसायटीत समोरासमोर फ्लॅट घेतले. रस्ते नव्हते, पाणी टँकरनं यायचं, पण परदेशी चॉकलेट मिळायचं. आणि एक दिवस कोपऱ्यावर भाजीचं एसी दुकान उघडलं. काचेचं दार, आत मंद गाणी, टोमॅटोंना वेगळा दिवा. बायका नुसत्या थंड हवेसाठी आत जाऊन एक लिंबू घेऊन यायच्या. या दुकानाचा मॅनेजर खुराना हा टाय लावणारा, हसतमुख गृहस्थ. एक निवृत्त सरकारी तज्ज्ञ दोन जिन्यांच्या अंतरावर राहतो हे कळल्यावर तो मिठाईचा डबा घेऊन मामांकडे आला. शेतकऱ्यांकडून थेट माल घ्यायचा, त्याची प्रत मामांनी ठरवायची, त्यावर कंपनी भाव देणार. मंडी नाही, आढत्या नाही, पंचाखालची बोटं नाहीत. मामांनी आयुष्यभर ज्याचं स्वप्न बघितलं ते एका टायवाल्यानं घरी आणून दिलं होतं. त्यांनी मिठाईचा एक तुकडा उजेडात धरून बघितला आणि होकार दिला.

तिथंच रामफल त्यांच्या आयुष्यात आला. पानिपतच्या बाजूचा, सहा फुटी, आवाज असा की कुजबुजला तरी काच हलावी. "नाव फळाचं आणि पिकवतो भाजी," एवढ्यावरूनच मामा आधी जरा साशंक होते. दुकानाच्या भरवशावर यानं त्या वर्षी मंडीचा आढत्या सोडून सगळं शेत फ्लॉवरनं भरलं होतं. पहिला माल घेऊन तो आला तेव्हा मी तिथं होतो. मामांनी तासभर घेतला. एकेक गड्डा कडीतून घालून बघितला, उलटा करून देठ बघितला, भिंग लावलं, दोन गड्डे चिरून बघितले. पांढरेशुभ्र, घट्ट, कुठे डाग नाही. मामांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी ताजमहालासमोरही बघितला नव्हता. त्यांनी धोतराच्या तुकड्याला हात पुसले आणि म्हणाले, "बरा."

मग त्यांना एक शिंक आली. दुकानातली ती थंड हवा त्यांना आधीच बाधत होती. ते घरी येऊन झोपले आणि चार दिवस तापानं उठले नाहीत. त्या तापातही दोनतीनदा त्यांनी विचारलं, "रामफलचा पुढचा माल आला असेल ना? नीट ठेवला असेल ना?"

पाचव्या दिवशी हिनं रेवाला दुकानात फ्लॉवर आणायला पाठवलं. ती रिकामी पिशवी घेऊन आली. "मम्मा, गोभी नहीं है. वो अंकल बोले, तुम्हारे नानाजी ने ही तो बुरा बोला था, सब वापस भेज दी."

मामा पांघरुणातून उठून बसले. कानटोपी एका कानावर, चष्मा हातात. त्यांनी रेवाला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग स्वेटरवर कोट चढवला आणि चपला उलट्या घालून जिना उतरायला लागले. मी मागे धावलो.

"अंकल जी, आपने खुद बोला, बुरा है," खुराना म्हणाला. "ऑपरेटर ने सुनके कंप्यूटर में चढ़ा दिया."

"मैंने बरा बोला था! बरा!"

"वही तो, अंकल जी. बुरा."

"बुरा नहीं, बरा!"

"हां जी, तो लौटा दिया ना हमने."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी मध्ये पडून मराठी आणि हिंदीचा तंटा समजावून सांगितला, तेव्हा खुरानाचा चेहरा उतरला. पण त्याचेही हात बांधलेले होते. कंप्युटरमध्ये चार खाने होते, बॅड, फेअर, गुड आणि एक्सलंट. पहिल्याच मालावर 'बॅड' चढला की तो शेतकरी हंगामभर बंद, असा वरून नियम. तो 'बॅड' खोडायला आता नुसता 'गुड' पुरणार नव्हता. तज्ज्ञानं लेखी 'एक्सलंट' दिलं तरच वरचे लोक ऐकतील.

मामांनी खुरानानं पुढे केलेला कोरा फॉर्म घेतला, पेन उघडलं आणि मिटलं. "माल समोर नसताना मी सही करत नाही," म्हणाले. "आणि आता जो माल शेतात आहे तो मी बघितलेला नाही."

खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. उभा फ्लॉवर कुणासाठी थांबत नाही. गड्डा भरला की चारपाच दिवसांत काढायचा, नाहीतर तो पिवळा पडतो, फुटतो, उलतो. रामफलचा माल परत जाऊन चार दिवस झालेच होते. त्याच्या वर्षाचा सगळा हंगाम तिकडे उन्हात पिवळा पडत होता आणि आमचे मामा इकडे नियम सांगत होते. तेवढ्यात मामांनी खुरानाला विचारलं, पानिपतची पहिली बस कितीला असते. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही हरियाणा रोडवेजच्या बसमध्ये बसलो. यातही एक अडचण होती. मामा नोकरीत असताना पानिपतची ड्यूटी कायम टाळायचे. "आपला तिकडचा अनुभव बरा नाही," असं ते साहेबांना सांगत, आणि साहेब बंगाली असल्यामुळे त्यांना वाटायचं मामांचं तिथं कुणाशी वैयक्तिक वैर आहे. आता ते कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारत होते, परतीची बस नक्की आहे ना. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका. मागच्या वेळी आपल्या लोकांनी हेच विचारलं नव्हतं." धुकं इतकं होतं की बस अंदाजानंच चालली होती. मामा काचेवरचा दमट थर पुसत आणि बाहेर बघत. "ऊन नाही ते एक बरं," म्हणाले. "ऊन पडलं तर फुलं फुटतील." पुढे थोड्या वेळानं, "पण धुक्यानं डाग पडतात." मग सोनीपत येईस्तोवर ऊन वाईट की धुकं, यावर त्यांचा स्वतःशीच वाद चालला होता.

रामफल शेताच्या कडेला बाजेवर बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही. मामा समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी बसमध्ये पाठ केलेली माफी त्यांना आठवेना.

"ताऊ," रामफल म्हणाला, "मेरी गोभी म्हैं के खोट सै? बस इतणा बता दे."

"कोई खोट नहीं," मामा म्हणाले. "मैंने बरा कहा था. हमारी भाषा में बरा मतलब..." आणि इथं ते अडले. मी आयुष्यात कुणाला एका शब्दापाशी इतकं अडलेलं बघितलं नाही. "मतलब ठीक... नहीं, ठीक नहीं. अच्छा... अच्छा भी नहीं. बरा मतलब... बरा."

 रामफल घराकडे तोंड करून ओरडला, दोन गिलास दूध आणा म्हणून. "दूध पी ले पहल्यां," म्हणाला, "लड़ांगे फेर."

दूध पिऊन मामांनी पिशवी उघडली आणि शेतात उतरले. दुपार होईपर्यंत ते बाहेर आले नाहीत. चिखलात गुडघे टेकून ते एकेका रोपाची पानं बाजूला करत, कडी लावत, पुढे सरकत. विहिरीच्या बाजूच्या चार ओळी त्यांनी बघितल्या आणि तिथंच बसून राहिले. त्या पिवळ्या पडल्या होत्या, गड्डे फुटून भाताच्या शितांसारखे मोकळे झाले होते. चार दिवसांपूर्वी त्या निघाल्या असत्या तर दुकानात दिव्याखाली बसल्या असत्या. मी जवळ गेलो. मामा म्हणाले, "जावईबापू, या ओळी माझ्या." त्यांचे डोळे भरले होते.

बाकीचं शेत अजून धरून होतं. पण 'बॅड' आज खोडला गेला तरच. मामा बाजेवर येऊन बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि पेन उघडलं.  त्यांचं पेन 'गुड'च्या खान्यावर येऊन थांबलं. तीस वर्षांची सवय होती ती. 'गुड' पडला असता तर आम्ही आलो तसे गेलो असतो. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडताही येत नव्हतं, कारण ती सही त्यांची होती.

रामफलनंच विचारलं. आवाज न चढवता, म्हणजे फक्त शेजारच्या शेतापर्यंत जाईल इतका. "ताऊ, तन्नै सारी उमर गोभी देक्खी. इसतै बढ़िया कदे देक्खी सै?"

मामांनी खरंच आठवून बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्यांनी तीस वर्षांचे सगळे फ्लॉवर डोळ्यांसमोर आणून उलटून पालटून बघितले. 

"नहीं," ते म्हणाले.

"तो बरा माने, जिसतै ऊप्पर कुछ ना हो?"

मामांनी मान हलवली. "हां. उसके ऊपर कुछ नहीं."

आणि मग त्यांनी 'एक्सलंट'च्या खान्यात खूण केली. ती खूण खान्याबाहेर गेली. लगेच घाबरून त्यांनी समोर कंसात लिहिलं, 'आजच्या तारखेपुरतं', आणि खाली सही केली. परतीच्या बसमध्ये ते मला विचारत होते, फार झालं का हो? उद्या गारपीट झाली तर? मी लिहून दिलंय.

रामफलचा हंगाम वाचला. चार ओळी गेल्या त्या गेल्याच. त्याच आठवड्यात मामांनी दुकानाचं काम सोडलं. पुढे कायम वर्तमानपत्रात ते आधी पानिपतचं हवामान बघत. दर हिवाळ्यात पहिला माल निघाला की रामफल एक पोतं खांद्यावर टाकून आमचे जिने चढायचा. मामा कड्या काढत, भिंग लावत, देठ बघत. रामफल तेवढा वेळ परीक्षेला बसल्यासारखा उभा असायचा. "बरा," असं एकदा पडलं की तो आख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं हसायचा. रेवालाही एव्हाना अर्थ कळला होता. दहावीचे मार्क घेऊन ती आधी मामांकडे गेली आणि "बरे आहेत" ऐकून नाचत घरी आली.

मामा जाऊन आता दोन हिवाळे झाले. ते एसी दुकान त्याच्याही आधी बंद पडलं, तिथं आता मोबाइल विकतात. परवा मी आणि ही बुधवारच्या बाजारात गेलो होतो. एका गाडीवाल्यापाशी फ्लॉवरचे क्रेट होते, आणि क्रेटवर निळ्या रंगानं, मोठ्या ओबडधोबड अक्षरांत एकच शब्द लिहिला होता. बरा. ही थबकली. मी भाजीवाल्याला विचारलं, हे काय लिहिलंय?

"पानीपत साइड का माल है, बाबूजी," तो म्हणाला. "उधर ऐसे ही लिखते हैं. बरा माने सबसे ऊपर. इसके ऊपर कुछ नहीं होता."

"किसने बताया?"

"किसी ने नहीं. सबको पता है."

हिनं एक गड्डा उचलला, उलटा केला आणि देठ बघितला, अगदी मामांसारखा. मग तो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. शेवटी माझ्या हातात दिला. भाजीवाल्यानं भाव सांगितला. तो बाजारापेक्षा चांगलाच चढा होता. माझ्या तोंडात सवयीनं "भैया, कुछ तो" एवढं आलं होतं. पण प्रत ठरलेली होती. मी भाव केला नाही.